वापरलेली पावडर

“बरं झालं असं म्हणत नाही मी, पण आता तरी ती बॅच लागेल एकदाची.”

शोकसभेनंतरचा चहा चालू होता. प्रॉडक्शनचे कुलकर्णी सर कुणाला तरी हळूच सांगत होते. मी कप घेऊन मागेच उभी होते, पण माझं असणं सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्या लॅबच्या प्रमुख चित्रा मॅडम आदल्या आठवड्यात झोपेतच गेल्या होत्या. रसायनाची ती बॅच त्यांनीच अडवून धरली होती.

मी नवीन असताना त्यांच्या प्रश्नाला पुस्तकी इंग्रजीत उत्तर दिलं, तेव्हा त्या मला सदाशिव पेठेतल्या त्यांच्या राहत्या इमारतीच्या जिन्यावर घेऊन गेल्या. “बघ, कडा झिजून गोल झाल्यात. दगड तोच, पाय मात्र घसरतो. आपल्या कॅटलिस्टचंही तसंच.” कॅटलिस्ट म्हणजे रिॲक्शन घडवून आणणारी काळी पावडर; तिच्यातल्या धातूच्या कणांवर अशाच बारीक पायऱ्या असतात. त्यांच्या कडांवर रिॲक्शन शेवटपर्यंत जाते. उष्णतेने कडा बोथट झाल्या की ती अर्ध्यावर अडकते आणि भलताच पदार्थ साठत जातो... आमच्या बाबतीत तो तापला तर फुटणारा. काळ्या पावडरीकडे बघून यातलं काहीच कळत नाही. कारखान्यात तीच पावडर पुन्हा पुन्हा वापरतात, तरी सगळे चाचणी ताज्या पावडरीवर घेत; मॅडम मात्र वापरलेल्या पावडरीच्या बाटल्या खिडकीत जपून ठेवायच्या. “नवी नवरी सगळ्यांशीच गोड वागते,” म्हणायच्या. खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढलेल्या त्या; स्फोटाबद्दल कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. मीटिंगमध्ये मी गप्प बसले की बाहेर आल्यावर म्हणायच्या, “मनातलं रिॲक्टरला ऐकू येत नाही, बाई.”

शोकसभेनंतर मी विश्रांतवाडीला घरी न जाता लॅबमध्ये गेले. खिडकीतली शेवटची, याच बॅचसाठी ठेवलेल्या पावडरीची बाटली उघडून त्यातली थोडी पावडर छोट्या रिॲक्टरमध्ये घातली. तास गेले... आलेखावर, जिथे काहीच असायला नको तिथे, त्या भलत्या पदार्थाची एक टेकडी वर येत राहिली. मॅडमची खुर्ची टेबलापासून थोडी मागे सरकलेली होती, त्या आत्ताच उठून गेल्यासारखी.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये ताज्या पावडरीचे आकडे वाचून झाले. कुलकर्णी सरांनी कागद मिटले. “काय गं, तुझं काही? ...नसेलच म्हणा.” दोघं-तिघं हसले. काचेपलीकडे ऑपरेटर हेल्मेट घालत होते. मी खिशातली बाटली काढून टेबलावर ठेवली.

“सर, बॅच लावू नका. ही पावडर झिजली आहे, आणि आत माणसं असणार आहेत.”