चाळीस पिंजऱ्यांची वाटणी

माझ्या लेकीची पीएच.डी. मी एकट्यानं, कुणाचीही मदत न घेता, वर्षभर लांबवली. (माझं शिक्षण चौथी. तीही अर्धी!)

त्या दुष्काळात आमच्या सोसायटीनं माळाच्या मधोमध चारा छावणी चालवली. चेअरमन मी. पेंडीच्या ट्रकांतून शहरातले दांडगे उंदीर आमच्याकडं उतरले, माळभर पसरले आणि टिटवीची अंडी फस्त करू लागले. माझी सुमन विद्यापीठात नेमकं हेच शिकत होती : बाहेरून आलेले उंदीर आवरायचे, पाखरं वाचवायची. ती सामान घेऊन घरीच आली.

छावणीच्या पूर्वेला तिनं चाळीस पिंजरे लावले. पश्चिमेला एकही नाही!

दुसऱ्या दिवशी पश्चिमेच्या वस्तीवरचा गणपत माझ्या ओट्यावर हजर.

"चेअरमन, पिंजरे तिकडंच कामून? आमचे उंदीर उंदीर न्हाईत का?"

"पोरीचं काही कारण असंल."

"हाय की! तिकडं तुमचा मेव्हणा ऱ्हातो!"

आता बघा! छावणीत पेंडीचा तुकडा तुकडा मी सारखा वाटलेला. टँकरचं पाणी घागरीनं मोजलेलं. आणि माझ्या ओट्यावर दुजाभावाचा आळ? डोकं फिरलं. सुमन चार दिवस बीडला गेलती. मी गणपतला घेऊन माळावर गेलो, वीस पिंजरे उचलले आणि पश्चिमेला मांडले. वर सोसायटीतर्फे गूळ-शेंगदाण्याचं आमिष! चार दिवसांत पश्चिमेचा माळ साफ. वस्तीनं माझा सत्कार केला, हातात नारळ दिला, हार घातला.

सुमन आली तेव्हा हार माझ्या गळ्यातच होता. मी तिला सगळं अभिमानानं सांगितलं.

"अण्णा, तिकडं मी मुद्दाम पिंजरे लावले नव्हते!"

"मुद्दाम? मंग गणपत खरंच बोलला की!"

"तसं नाही हो! एकीकडं उंदीर काढायचे, दुसरीकडं तसेच ठेवायचे. मग अंडी कुठं जास्त वाचली ते बघायचं. आता दोन्हीकडं सारखंच झालं!"

"सारखं झालं ना? मंग बिघडलं कुठं?"

पोरगी रडायलाच लागली. टिटवी काही चेअरमनच्या हुकमानं अंडी घालत नाही. तो हंगाम वाया गेला, आणि त्याबरोबर तिचं वर्ष.

चूक कबूल करणं आमच्या घराण्यात नाही. म्हणून मी कबूल न करताच भरपाई करायची ठरवली. पावसाळ्यात उंदरांनी मला माफ केलं, दोन्हीकडं पुन्हा बहरले. पुढच्या उन्हाळ्यात सुमननं पूर्वेला पिंजरे लावले आणि पश्चिमेच्या माळावर मी काठी घेऊन बसलो. कुणी उंदीर मारू नये म्हणून! मांजरं हाकलली, कुत्री हाकलली, एकदा तर नाग हाकलला!

"चेअरमन, त्यो बघा माझ्या कणगीकडं चाललाय!" गणपत ओरडला.

"जाऊ दे बे! दगड खाली ठेव! पोरीच्या डिग्रीचा उंदीर हाय त्यो!"

सुमनचं काम फत्ते झालं. पूर्वेला टिटवीची पिल्लं तुरुतुरु पळत होती, पश्चिमेला नुसती टरफलं. आज ती प्राध्यापक आहे, समुद्रातल्या बेटांवरचे उंदीर आवरते.

सोसायटीच्या निवडणुकीत मी मात्र सपाटून पडलो. गणपतनं पारावर भाषणच ठोकलं होतं, "ह्यो आपला न्हाई, उंदरांचा चेअरमन हाय!"

साफ खोटं! मी फक्त पश्चिमेकडच्या उंदरांचा होतो.