देवदर्शनाशिवाय डहाणू

नव्वदच्या दशकात आमच्या घरखर्चाच्या वहीत सहा रकाने होते: किराणा, दूध, शिक्षण, दवाखाना, देवधर्म, इतर. करमणुकीला रकाना नव्हता, कारण फिरायला जायचं तर देवालाच जायचं. वणीचा गड, शिर्डी. चार तासांच्या रांगेनंतर मुलांना पाजलेला उसाचा रसही मी देवधर्मातच लिहायची.

मुलीची दहावीची परीक्षा संपली आणि ती म्हणाली, "या सुट्टीत रांग नसेल अशा ठिकाणी जाऊ." मी त्याच दिवशी स्टँडवर जाऊन डहाणूच्या एसटीची वेळ लिहून आणली.

सासूबाईंना पटेना. "नुसतं पाणी बघायला एवढ्या लांब? आपल्या गावच्या गंगेला पाणी नाही का?"

"आहे की. पण तिथं आपण दहाव्याला जातो, नाहीतर पर्वणीला. नुसतं बसायला कधी गेलोय, आई?"

नवरा सातपूरला कारखान्यात, घरातली भांडणं मिटवण्यात तरबेज. त्यानं तोडगा काढला: वाटेत महालक्ष्मीचं दर्शन घेऊ, म्हणजे कुणी नावं ठेवणार नाही. मी नाही म्हटलं. देवीला जाईन तेव्हा देवीसाठीच जाईन. माझ्या सहलीला तिचा आडोसा नको. वहीत सातवा रकाना आखला आणि वर शाईनं लिहिलं: मौज.

धुसफुसत का होईना, सासूबाई आल्या. देवळाचा फाटा आला तेव्हा त्यांनी खिडकीतूनच हात जोडले. मीही जोडले. उतरलो नाही. डहाणूला दोन दिवस सासूबाई वाळूत पाय पसरून बसल्या. जेवायला हाक मारली की "आले" म्हणायच्या आणि जागच्या हलायच्या नाहीत.

परत आलो त्या संध्याकाळी शेजारीण आली. गावाला गेलेला माणूस प्रसाद आणणारच, हे तिनं गृहीत धरलेलं. आमच्याकडे तिकडचे चिकू होते. तिनं दोन्ही हातांनी एक घेतला, कपाळाला लावला. मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "अगं, प्रसाद नाही तो. आम्ही मजा करायला गेलो होतो. खा."

पुढच्या दहा वर्षांत केबल आली, मल्टिप्लेक्स आलं, मौजेचा रकाना फुगत गेला. काटकसरीची वेळ आली की घरातल्या सगळ्यांचं बोट आधी त्याच्यावरच जायचं. मी 'इतर'मधून कापायची.