पेटीचं कुंकू

लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले तेव्हा घरात माझ्या आधीच एक सवत बसलेली होती. खिडकीखालच्या फळीवर, स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवलेली एक लाकडी पेटी. वर काच, काचेखाली काटा, बाजूला फिरवायचा दांडा आणि तारा जोडायला दोन पितळी खुंट्या. धंद्यात तिला मेगर म्हणतात, आमच्याकडे सगळे नुसतं पेटी म्हणायचे. खुंट्यांना तारा जोडायच्या, त्यांची टोकं तपासायच्या वायरिंगला लावायची आणि दांडा गरागरा फिरवायचा. काटा वर जाऊन टेकला तर वायर निकोप. खाली पडला तर वायर कुठेतरी सोललेली आहे, लोखंडात करंट उतरणार आहे, तिथे हात लावायचा नाही.

आमचे हे वायरमन. गिरणीत पाळी करायचे आणि धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या दिरांना, बरोबर घेऊन बाहेरची कामं करायचे. पिठाच्या गिरण्या, दुकानं, सणासुदीचे मांडव. दोघांचाही जीव त्या काट्याच्या भरवशावर. "तू रुसलीस तर जेवण मिळत नाय," हे मला म्हणायचे, "ही रुसली तर मीच मिळायचो नाय." या विनोदावर सगळा मजला हसायचा. मला तो कधीच आवडला नाही आणि मी तसं तोंडावर सांगायचे.

ज्या मेस्त्रींच्या हाताखाली हे काम शिकले, त्यांनी गावाला कायमचं परत जाताना ती पेटी यांच्या हातात ठेवली होती. त्यामुळे तिचे लाड फार. खंडेनवमीला तर विचारूच नका. त्या दिवशी गिरणगावात जो तो आपल्या हत्यारांची पूजा करतो, हत्याराला काम सांगत नाही. यांनी पाटावर पक्कड, हातोडी, करवत मांडली आणि मधोमध पेटी बसवली. बाकीच्यांना एकेक बोट कुंकू. पेटीला मात्र ओलं हळदकुंकू सढळ हातानं, काचेच्या कडेला, दांड्याला, दोन्ही खुंट्यांना. वर झेंडूची माळ. "माझ्या हळदीला एवढी हळद नव्हती लावली कुणी," मी म्हटलं. हे हसले आणि पेटीला आणखी एक बोट लावलं.

दसरा झाला आणि पेटी बिघडली.

आधी एका पिठाच्या गिरणीत. वायरिंग नवं, यांनी स्वतः ओढलेलं, तरी काटा खाली. दोघा भावांनी सगळं उकलून पाहिलं, काही सापडेना. मग मैदानातल्या मांडवात. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. सारख्या कुठे ना कुठे सभा होत आणि आमच्या मागच्या मैदानातल्या सभेचे दिवे आणि कर्णे यांच्याकडे असत. कर्ण्यासाठी उभ्या केलेल्या लोखंडी पाइपाला यांनी तार लावली, दांडा फिरवला, तिथेही काटा खाली. घरी आले ते चिडूनच. पेटी फळीवर ठेवली आणि तारा कशालाच न लावता दांडा फिरवला. काटा तरीही खाली पडला.

"येडी झालीय ती," दीर म्हणाले. "कशाला जोडली नाय तरी वाईट दाखवते. दादा, टाकून दे तिला आता. लोहार चाळीच्या विजेच्या बाजारात नवीन आलीय, मी बघून आलो."

"नाय रे. दुरुस्त होईल."

"आणि परत बिघडली म्हणजे? मी खांबावर असताना?"

मी दिरांच्या बाजूची. ज्याचा एकदा संशय आला त्याच्या भरवशावर माणसाला खांबावर कसं चढवायचं, असं मी सरळ विचारलं. "अगो, माणूस आजारी पडला तर डाक्टरकडे नेतात की स्मशानात?" हे म्हणाले. मी भांडी जरा जोरात आपटली. वाद काही संपला नाही. जेवताना निघायचा, अंथरुणं घालताना निघायचा, आणि पेटी फळीवर बसून सगळं ऐकायची.

त्या दिवसांत घरात भांडायचीही भीती वाटे. बाहेर गेलेलं माणूस परत येईल याचा नेम नव्हता. नाक्यावर जाळीच्या पोलीसगाड्या उभ्या असत, भर दुपारी दुकानांच्या फळ्या लागत. शेजारच्या चाळीतला एक मुलगा मोर्चा बघायला म्हणून गेला आणि घरी त्याचा नुसता सदरा आला. तेव्हापासून कुणाला उशीर झाला की आमच्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या. मीही रोज यांची वाट बघायची ती गोळीच्या धास्तीनं. विजेची धास्ती त्यापुढे मागे पडली होती.

सभेच्या दिवशी गिरणी बंद होती. सकाळी हे म्हणाले, गिरगावात एक म्हातारे गृहस्थ आहेत, रेडिओ आणि मीटर दुरुस्त करतात. त्यांना दाखवू. ते नाही म्हणाले तर नवीन घेऊ. गिरगावात माझी मावशी राहायची, म्हणून मीही बरोबर निघाले. दीर मांडवाचं उरलेलं काम करायला मैदानात गेले.

वाडीतल्या तळमजल्याच्या खोलीत म्हाताऱ्यांनी पेटी उजेडाला धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि खुंट्यांच्या बुडाशी बारीक पातं फिरवलं. लाल-पिवळं कीट खाली पडलं.

"पूजा केली होती वाटतं?"

"खंडेनवमीची," हे म्हणाले.

"मग बरोबर आहे. ओलं कुंकू आणि त्यात ही दमट हवा. तुमची वीज बाहेर जातच नाही, एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर इथल्या इथे पळते. काटा पडणारच." त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं खुंट्या पुसल्या, वाळू दिल्या, दांडा फिरवला. काटा सरळ वर जाऊन टेकला. "यंत्राला काही झालेलं नाही. कुंकू बायकोला लावा हो, यंत्राला कशाला?"

आम्ही तिघंही पोट धरून हसलो. मी वादात हरले होते, तरी मलाही हलकं वाटलं. किती दिवसांनी हे तसे मोकळे हसत होते.

परतीची ट्राम भायखळ्याला थांबली. पुढे दगडफेक झालीय, कंडक्टर म्हणाला, उतरा. आम्ही चालत निघालो. रस्ता ओस, दुकानं बंद, पायाखाली काचा. हे पेटी छातीशी धरून भरभर चालत होते आणि मी मागे.

"अहो, मग त्या पाइपाचं काय?" मी विचारलं.

"कसल्या पाइपाचं?"

"मैदानातल्या. तिथेही काटा पडला होता ना?"

"तेव्हा तो सगळीकडेच पडत होता. सगळा कुंकवाचा प्रताप."

"तरी परत लावून बघा."

"बघतो गो."

ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं, हे मी आजही मानते. पण चालण्यात वेळ गेला आणि आम्ही पोचलो तोवर दिवेलागण झाली होती. चाळीच्या दाराशी हे क्षणभर थांबले. "मागच्या वेळी तुला भाषण ऐकू आलं नाय ना? आज कर्णा चाळीकडे वळवतो. घरबसल्या ऐक." आणि तसेच मैदानाकडे गेले. चहासुद्धा घेतला नाही.

मैदानात काय झालं ते मला नंतर दिरांनी सांगितलं. मांडवातले दिवे लागले होते, माणसं येऊन बसत होती, कडेला पोलीसगाड्या. पेटीनं तपासायचं तर आधी वीज बंद करावी लागते. यांनी तसं म्हटल्यावर सभेचा स्वयंसेवक हादरलाच. "आता लाइट घालवता? लोकांना वाटेल पोलिसांनी कापली. पळापळ होईल, बायकापोरं तुडवली जातील." त्याचं काही खोटं नव्हतं. त्या दिवसांत सभेत अंधार झाला की माणसं उठून धावत सुटायची. यांनी एकदा पाइपाकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे. मग पेटी दिरांच्या हातात दिली. "राहू दे. बिघाड पेटीत होता, पाइपात नाय."

मी भात टाकून गॅलरीत आले. भाषण सुरू झालं होतं, पण आवाज तिकडच्या तिकडे जात होता, शब्द लागत नव्हते. मैदानाच्या मागच्या बाजूनं लोक ओरडत होते, ऐकू येत नाय, ऐकू येत नाय. आणि मग आवाज वळला. खरंच वळला. एकेक शब्द स्वच्छ आमच्या गॅलरीत येऊन पडायला लागला. मी शेजारणीला म्हटलं, "बघा, आमच्या ह्यांनी फिरवला." माझं बोलणं पुरं व्हायच्या आत कर्ण्याचा आवाज मध्येच तुटला. पाठोपाठ मैदानावरचा उजेड गेला.

"पोलीस आले," कुणीतरी म्हणालं. बायका आपापल्या मुलांना आत ओढायला लागल्या. मी कठडा धरून गोळीच्या आवाजाची वाट बघत उभी राहिले. गोळीचा आवाज आला नाही, तेव्हा मला कळलं.

दीर जिना चढून वर आले. एका काखेत पेटी, दुसऱ्या हातात यांच्या चपला. व्यासपीठावर महाराजांची तसबीर होती, म्हणून वर माइक जोडायला चढताना यांनी चपला खाली काढल्या होत्या. धूळ बसावी म्हणून स्वयंसेवकांनी मैदानात पाणी शिंपडलं होतं. तसंच खाली उतरून, ओल्या मातीत अनवाणी उभं राहून यांनी काठीनं कर्णा वळवला आणि तो पक्का करायला पाइप धरला. मेन स्विच दिरांनीच धावत जाऊन पाडला, पण उशीर झाला होता. पळापळ मात्र झाली नाही. यांना बाहेर न्यायला लोकांनी वाट करून दिली.

दुसऱ्या दिवशी मांडव उतरवण्याआधी दिरांनी त्याच पाइपाला तार लावून दांडा फिरवला. काटा खाली पडला. वायर ज्या पट्टीनं पाइपाला आवळली होती, तिच्याखाली ती चेपून सोलली होती. पेटी सगळीकडे खोटं बोलली होती आणि त्या एका जागी खरं.

"समुद्रात टाकून येतो तिला," दीर रडत म्हणाले. मी पेटी त्यांच्या हातातून हिसकावून घेतली. तिनं सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नव्हतं. मला राग आला होता तो यांचा, आणि तो राग काढायला हे नव्हते. मग मी कितीतरी वेळा विचार केला की नवीन पेटी आणली असती तर बरं झालं असतं. नवीन वस्तू माणूस हौसेनं सगळीकडे लावून बघतो. सभा असो, गर्दी असो, हे ती पाइपाला लावल्याशिवाय राहिले नसते. दुरुस्त झालेल्या वस्तूवर मात्र आपला चटकन विश्वास बसतो.

दिरांनी पुढे नवीन पेटी घेतली आणि धंदा चालू ठेवला. काटा एकदा पडला की कारण सापडेपर्यंत ते लोखंडाला हात लावत नाहीत, मग पेटीत बिघाड निघो नाहीतर न निघो. लोक त्यांना भित्रा म्हणतात. म्हणोत.

जुनी पेटी माझ्याकडे, खिडकीखालच्या फळीवर आहे. खंडेनवमीला दीर तिलाही पाटावर ठेवतात, हत्यारांना कुंकू लावत लावत तिच्यापर्यंत येतात आणि हात मागे घेतात. मी तिच्यावर झेंडूचं एक फूल ठेवते. मग बाकीची पूजा होईस्तोवर आम्ही दोघी सवती तशाच बसून असतो, बिनकुंकवाच्या.