मात्राबाई आणि न लागलेलं दार

मात्राबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं आता त्यांच्या नवऱ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि तेही 'अगं' म्हणूनच भागवायचे. एकतीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात प्रुफं तपासली. कुणी कुठे काना खाल्ला, कुठे मात्रा गाळली, की बाईंची लाल पेन्सिल नेमकी तिथे जाऊन टेकायची. छापखान्यातल्या लोकांनी वैतागून ठेवलेलं हे नाव त्यांच्या मागोमाग गल्लीत आलं आणि इथेच मुक्कामाला राहिलं.

निवृत्तीनंतर पहिले दोन महिने त्या औषधांच्या वेष्टनांवरच्या चुका काढत बसल्या. मग एक दिवस खालच्या जिन्यापाशी पाणी बंद राहण्याची नोटीस लागली. सहा ओळींत अकरा चुका. बाईंनी पर्समधली लाल पेन्सिल काढली आणि तिथल्या तिथे नोटीस तपासून टाकली. इमारतीचे चिटणीस जाम चिडले. "एवढं येतंय तर तुम्हीच लिहा की!" म्हणाले. बाईंनी ते मनावर घेतलं.

तेव्हापासून दर शनिवारी गल्लीत एक पान निघू लागलं. पाठपोट छापलेलं, साधंच. पाणी कधी जाणार, कुणाचं मांजर हरवलं, कोपऱ्यावरचा दिवा कधीपासून बंद आहे, शाळेच्या वळणावर गाड्या किती जोरात जातात. सबंध गल्लीत दीडशे प्रती. वाटायचं काम नवऱ्याकडे. ते निवृत्त बसड्रायव्हर. "आयुष्यभर माणसं पोचवली, आता बातम्या पोचवतो," असं म्हणत ते जिने चढायचे, आणि प्रत्येक मजल्यावर दोन मिनिटं थांबा घ्यायचे.

पानाला वजन होतं. गटाराचं झाकण फुटल्याची बातमी बाईंनी सलग तीन आठवडे एकाच जागी, एकाच मथळ्याने छापली, तेव्हा चौथ्या आठवड्यात नवीन झाकण बसलं. 'पानात आलंय' म्हटलं की लोक वाद थांबवायचे. बाईंना याचा अभिमान होता, आणि का नसावा? इतक्या अंकांत ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक सापडली नव्हती.

मग एका मंगळवारी भरदुपारी समोरच्या इमारतीत चोरी झाली. तिसऱ्या मजल्यावर एक शिक्षिका एकट्याच राहायच्या. शाळेतून परत आल्या तर कपाट उघडं, लॅपटॉप गायब, आईच्या बांगड्या गायब. कुलूप शाबूत, कडी शाबूत, दारावर ओरखडासुद्धा नाही. ठाण्यातून फौजदार आले, दाराभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "बनावट किल्ली असणार."

बाई तिथेच वही घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते शब्दशः टिपून घेतलं. शनिवारी पानावर पहिलीच बातमी आली: 'कुलूप न तोडता भरदिवसा चोरी. बनावट किल्लीचा वापर झाल्याचा पोलिसांचा अंदाज. रहिवाशांनी किल्ल्या करून घेताना सावध राहावे.'

गल्लीच्या तोंडाशी, चप्पल दुरुस्तीच्या दुकानाला लागून, किल्लीवाल्याची टपरी होती. मोठ्या चौकोनी पेटीएवढीच जागा. वर तारेला लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या, खाली एक यंत्र, एक स्टूल. चौदा वर्षं तो तिथे बसत होता. आत अडकलेली म्हातारी माणसं, बाहेर अडकलेली नोकरदार माणसं, सगळ्यांना त्यानेच सोडवलेलं. बाईंच्या घरचं कुलूपही त्याचंच.

त्या शनिवारनंतर कुणी त्याला काही बोललं नाही. हेच वाईट झालं. बोललं असतं तर त्याला उत्तर देता आलं असतं. पानाचा फोटो गल्लीच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये फिरला, त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'समझनेवाले को इशारा काफी', आणि त्याखाली पंचवीस अंगठे पडले. लोक दोन चौक पलीकडे जाऊन किल्ल्या करून आणू लागले. टपरीसमोरून जाताना सगळ्यांना एकदम फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसू लागलं.

दहा-बारा दिवसांनी सकाळी बाईंच्या दारावर टकटक झाली. बाहेर किल्लीवाला उभा. हातात चार घड्या घातलेलं ते पान.

"या ना भाऊ, आत या," बाई म्हणाल्या.

"नको, इथेच बरा आहे." त्याने पान उलगडून पुढे केलं. "ताई, तुम्ही चुका शोधण्यात हुशार. यात चूक कुठे आहे तेवढी शोधून द्या. मी तीन वेळा वाचलं. मला सापडत नाही."

बाईंनी सवयीने चष्मा लावला. बातमी वाचली. "कुठे काय आहे? पोलीस म्हणाले तेच लिहिलंय. तुमचं नावसुद्धा नाही यात."

"नाव नाही, खरं आहे. पण गल्लीत किल्लीवाले किती आहेत?"

बाईंनी चष्मा काढला.

"खोटं लिहिलं असतं तर भांडलो असतो," तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "यात खोटं काहीच नाही. मग भांडू कुणाशी? काल माझ्या मुलीला तिच्या मैत्रिणीच्या आईने दारातूनच परत पाठवलं. अकरा वर्षांची आहे ती. मला विचारत होती, बाबा, तुम्ही कुणाची किल्ली ठेवून घेतलीय का?"

पान त्याने पुन्हा चार घड्या घालून खिशात ठेवलं आणि जिना उतरून गेला. बाई दारात तशाच उभ्या. आतून नवऱ्याने विचारलं, "कोण होतं गं?" तेव्हा त्यांनी किल्लीवाल्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

त्या रात्री ताटावर बाई नुसता भात चिवडत बसल्या. नवऱ्याने बराच वेळ वाट पाहिली, मग म्हणाले, "हे बघ, मी गाडी मागे घेताना नुसत्या आरशावर कधी भरवसा ठेवला नाही. खाली उतरून बघायचो. तू उतरून बघितलंस का?"

"फौजदार म्हणाले ना."

"फौजदारांनी तरी बघितलं का?"

बाई ताटावरून उठल्या, पायांत चपला सरकवल्या आणि थेट समोरच्या इमारतीत गेल्या.

शिक्षिका घरीच होत्या. बाई म्हणाल्या, "मला फक्त एक दाखवा. शाळेत जाताना तुम्ही दार कसं लावता?"

"कसं म्हणजे? ओढून घेते. लॅच आहे, आपोआप लागतं. बाहेरगावी जायचं असेल तरच वरचं कुलूप घालते."

"ओढा बरं."

दोघी जिन्यात आल्या. शिक्षिकेने दार ओढलं. 'ठक' असा चांगला खणखणीत आवाज झाला. बाई पुढे झाल्या, तळहात दारावर टेकवला आणि जरासा जोर दिला. दार मुकाट्याने उघडलं.

शिक्षिकेच्या तोंडचं पाणी पळालं. "पुन्हा करा," त्या म्हणाल्या. पुन्हा ठक, पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः ढकललं. लॅचची जीभ चौकटीतल्या खाचेत बसतच नव्हती, नुसती काठावर टेकून राहत होती.

बाईंनी खाचेवरून बोट फिरवलं. मग शिक्षिका हळूच म्हणाल्या, "किल्लीवाल्याने सांगितलं होतं मला. चार-पाच महिन्यांपूर्वी वरचं कुलूप बदलायला आला होता तेव्हा. चौकट फुगलीय, खाच सरकवून घ्या, म्हणाला. मी म्हटलं, बघू नंतर."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"आठवलंच नाही. खरंच." त्यांनी बाईंचा हात धरला. "मावशी, पाया पडते, पण हे छापू नका. शाळेत माझं हसं होईल. घराला दार लावता येत नाही म्हणतील."

शिक्षिका काही वाईट नव्हत्या. घाबरलेल्या होत्या, आणि ज्या घरात चोर शिरून गेला त्या घरात एकट्या झोपत होत्या. पण बाईंच्या डोळ्यांपुढे ते चार घड्या घातलेलं पान येत होतं.

"तुमचं नाव येणार नाही," त्या म्हणाल्या. आणि ते बोलताना त्यांना स्वतःलाच कळलं की नाव न आल्याने कुणी सुटत नसतं.

त्या शनिवारी पानावर सगळ्यात वर चौकट आली. वाक्यं छोटी होती, पण ती लिहायला बाईंना दोन दिवस लागले. 'मागच्या बातमीत बनावट किल्लीचा उल्लेख होता. तो मी न तपासता छापला. मी स्वतः पाहिले, त्या घराचे दार ओढल्यावर लागतच नव्हते. किल्लीचा काही संबंध नव्हता. आपल्या गल्लीतल्या किल्लीवाल्यांनी हा दोष आधीच दाखवून दिला होता. माझ्या निष्काळजीपणामुळे त्यांना त्रास झाला. मी त्यांची माफी मागते.'

शिक्षिकेने बाईंशी बोलणं टाकलं. बाईंनी ते निमूटपणे सोसलं.

आणि गल्लीत काय झालं? काहीच नाही. या पानाचा फोटो कुणी काढला नाही, कुणी फिरवला नाही. 'बाईंचं मन मोठं' म्हणून दोघाचौघांनी कौतुक केलं, आणि तेच लोक किल्ली करायला दोन चौक पलीकडे गेले. मनात एकदा बसलेली गोष्ट छापील माफीने निघत नाही, हे बाईंना साठीनंतर कळलं.

सोमवारी त्या टपरीवर गेल्या. "भाऊ, पान वाचलंत?"

"वाचलं." तो कानस चालवत राहिला.

"उपयोग झाला नाही."

"नाही झाला."

"मग माझ्याबरोबर चला. घरोघरी. सगळ्यांची दारं तपासू. तुम्ही बघा, मी लिहून घेते."

तो पहिल्यांदा हसला, पण त्यात गोडवा नव्हता. "ताई, मला कोण घरात घेतंय?"

"मी असेन ना सोबत. तुमच्याबरोबर मला कोण बाहेर ठेवतंय तेही कळेल."

तो लगेच तयार झाला नाही. त्याच्या बायकोने म्हणे त्याला घरी सुनावलं की गेलं काय आणि नाही गेलं काय, रिकामी टपरी राखण्यापेक्षा बरं. बुधवारी तो पेचकस आणि तेलाची बुधली घेऊन बाईंच्या इमारतीखाली उभा राहिला.

पहिला दिवस कठीण गेला. एका घरात 'आत्ता वेळ नाही' म्हणून दार बंद झालं. दुसरीकडे एक सूनबाई बाईंना म्हणाल्या, "मावशी, तुम्ही या आत. यांना म्हणावं जिन्यातच थांबा."

"मग मीही जिन्यातच," म्हणून बाई पायरीवर बसल्या. गुडघे तसेही बोलत होते. त्या दहा मिनिटं बसून राहिल्या. मग सूनबाईंच्या सासऱ्यांनी आतून ओरडून विचारलं, "काय चाललंय तिथे?" आणि स्वतः उठून दोघांना आत घेतलं. त्यांच्या दाराची कडी तीन स्क्रूंवर असायला हवी होती, ती एकावर लोंबत होती. किल्लीवाल्याने ती घट्ट केली, बिजागरीत तेल सोडलं. म्हातारबुवा दार उघड-मीट करून बघत राहिले, नवीन खेळणं मिळाल्यासारखे.

तीन आठवड्यांत बासष्ट दारं झाली. त्यातली एकोणीस नीट लागत नव्हती. हा आकडा बाईंनी पानात छापला, आणि यावेळी मात्र गल्ली हादरली. ज्यांनी दारं बंद केली होती त्यांनी निरोप पाठवले. चिटणीस तर स्वतः टपरीवर जाऊन उभे राहिले. "आमच्याकडे कधी येताय?" किल्लीवाल्याने वहीत बघितल्यासारखं केलं. म्हणाला, "नंबर लागेल तेव्हा." बाजूच्या चप्पलवाल्याला हसू आवरेना.

पुढे दीड-दोन महिन्यांनी फौजदार बाईंकडे आले. दुसऱ्या वस्तीत एक माणूस पकडला गेला होता. हातात जाहिरातींचे कागद घेऊन तो दुपारी इमारती चढायचा आणि प्रत्येक दार तळव्याने दाबून बघायचा. लागलेलं असलं तर फटीतून कागद सरकवायचा. नसलं तर आत. शिक्षिकेचा लॅपटॉप त्याच्याकडे मिळाला, बांगड्या नाही मिळाल्या.

"छापायचं असेल तर छापा," फौजदार म्हणाले.

"छापते," बाई म्हणाल्या. "पण आधी तुम्ही सांगितलेलं तुम्हालाच वाचून दाखवते. आणि हे तुम्ही स्वतः बघितलंय की कुणी सांगितलं, तेही लिहिते." फौजदार जरा चपापले, पण बसले.

किल्लीवाल्याचं काम पूर्ववत व्हायला अजून बराच काळ गेला. काही लोक परत आलेच नाहीत. त्याच्या मुलीची ती मैत्रीणही तुटली ती तुटलीच; तिने दुसरी केली. बाईंशी तो व्यवस्थित बोलायचा, ताई म्हणायचा, पण पूर्वीसारखा आपणहून घरी चहाला कधी आला नाही. बाईंनीही आग्रह केला नाही. राग धरायचा त्याला हक्क होता, आणि तो हक्क आपण आर्जवं करून काढून घेऊ नये, असं त्यांना वाटायचं.

शिक्षिकेच्या दाराची खाच मात्र त्यानेच सरकवून दिली. बोलावणं आलं तेव्हा बाईही बरोबर गेल्या. काम होईपर्यंत शिक्षिका स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. शेवटी त्याने त्यांना जिन्यात बोलावलं, दार ओढलं आणि म्हणाला, "मॅडम, ढकलून बघा." शिक्षिकेने दोन्ही हातांनी ढकललं. दार हललं नाही. त्या तिथेच दाराला टेकून रडू लागल्या, आणि मात्राबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. किल्लीवाला जिन्यात बसून शांतपणे आपली हत्यारं पिशवीत भरत होता.