मास्तरांच्या बाकावरची गिऱ्हाइकं

मास्तर शिंपी होते, आणि बढाया मारण्यातही कमी नव्हते. "माणसाचा चेहरा बदलेल, खांद्याचा उतार बदलायचा नाही," असं म्हणायचे. मोतीबिंदू पिकला तरी दुकान बंद करायचं नाव नाही.

मग एका दुपारपासून बाकावर भलतीच गिऱ्हाइकं येऊन बसू लागली. मास्तरांनीच कधीकाळी शिवलेल्या कोटांत, झग्यांत, अगदी कोरी करकरीत. बोलायची नाहीत की हसायची नाहीत. त्यांच्या काजाचा टाका न् टाका दिसायचा. खरी माणसं मात्र नुसती धुरकट. मास्तरांनी मनाशी खूणगाठ बांधली, ज्याचे टाके दिसतात तो खोटा.

त्यांत पिवळ्या फ्रॉकातली एक चिमुरडी होती. त्यांचीच लेक, लहानपणीची. तो फ्रॉक त्यांनी घाईत उरकला होता, एक बाही वर, एक खाली. गिऱ्हाइकांचं आधी, घरचं शेवटी, अशी दुकानाची रीत. पोरीनं तरी तो गल्लीभर मिरवला होता. 

सांगायचं कुणाला? म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणतील, मशीन विकून टाकतील. पण एकदा राहवलं नाही. बाही नीट करावी म्हणून त्यांनी पोरीच्या खांद्याला टेप लावला, आणि टेप सळकन जमिनीवर पडला. दारात, डबा घेऊन, मोठी झालेली तीच लेक उभी.

"बाबा, कुणाचं माप घेताय?"

"तुझंच," म्हणाले आणि रडले.

लेकीनं सगळं ऐकून दवाखान्यात नेलं, तर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई हसल्या. "वेडबीड काही नाही. डोळ्यांकडून माल येईना, म्हणून मेंदू जुनं कपाट उघडून बसलाय. मोतीबिंदू काढला की बहुतेक थांबेल."

"मग राहू दे," मास्तर म्हणाले.

लेक भडकली. "मी इथं जितीजागती उभी आहे, आणि तुम्हाला ती हवी?"

मास्तर दोन दिवस तोंड फुगवून बसले आणि मग ऑपरेशनला तयार झाले.

पट्टी सुटल्यावर दुकानात आले, तर बाकावर कुणी नाही. रिकाम्या बाकावरून त्यांनी हात फिरवला. तेवढ्यात लेक येऊन खिडकीच्या उजेडात बसली. केस पिकलेले. हे कधी झालं? खांद्याचा उतार मात्र तोच. बाही उसवलेली, तिच्यावर काळ्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके. एकेक दिसत होता.

"हे कुणी शिवलं?"

"मीच. तुम्हाला दिसत नव्हतं ना."

मास्तरांनी पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवला. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं.

"थांबा जरा," ते ओरडले. "आज घरचं आधी."