माझे चार तास

"ऊठ गं. तात्या आल्यात," डायलिसिसचं मशीन चालवणारा भाऊ म्हणाला.

मशीनवर माझा तासभर बाकी होता. त्यानं माझं रक्त आत परतवलं, सुया काढल्या. कापूस दाबून मी उभी राहिले. तात्यांनी गादी चाचपली.

"चादर बदल आधी. हिची ऊब हाय."

त्यांची सून हसली. भाऊपण हसला. मी म्हणाले, "बरं."

तात्या उसाचे मोठे बागायतदार. मी निमगाव केतकीत कापडदुकानात कामाला. माझं गाव लांब, यवतमाळच्याही पुढं. शाळा सातवीत सुटली. इथं आल्यावर दोन्ही किडन्या गेल्या. मालकीण चाचीनं खोली दिली, धावपळ करून बारामतीत फुकट डायलिसिस मिळवून दिलं. म्हणून तोंड उघडायची भीती. बोललं आणि बंद झालं तर?

भाऊ म्हणायचा, "फुकटात हाय न्हवं तुझं? मग घड्याळ कशाला बघती?"

एसटीला वेळ असला की बाहेरच्या बाकड्यावरनं मी काचेतून बघायची. सून तात्यांचे पाय दाबतेय. त्यांचे चार तास पुरे. उतरले की मिशीवर हात फिरवत गाडीकडं. मी भिंत धरून. जळायची मी. गाडीवर नाही, त्यांच्या पुऱ्या वेळेवर.

मग वाटलं, आपणच मशीनला काम कमी द्यावं. पिण्याचं पाणी निम्म्यावर आणलं. तहान लागली की जिभेवर ओला रुमाल. अंगात पाणी साठून वाढायचं ते वजन वाढेना. वाटलं, जमलं.

एका दुपारी दुकानात कापडाचं थान उचलताना छाती धडधडली, पाय गेले. चाचीनं रिक्षात घातलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाणी कमी प्यायलीस गं, पण रक्तातलं विष? ते निघायला वेळच लागतो. पूर्ण वेळ घेतेस ना?"

भाऊ बघत होता. मी म्हणाले, "घेते."

माझ्या तोंडावरनं चाचीनं ओळखलं, मला मधेच उठवतात. परतताना म्हणाली, "मरायला आणलं व्हय गं तुला हितं?"

पुढच्या पाळीला भाऊ परत, "ऊठ गं."

मी दुसरा हात सुयांवर ठेवला. "माझी वेळ व्हायचीय."

"तात्या ताटकळल्यात!"

"बाकडं आहे बाहेर. मी बसते तिथं."

"फुकट्यांना लई माज आलाय," तात्या म्हणाले.

मी सुयांवरचा हात काढला नाही.

चाचीचे उपकार जन्मभर मानीन. पण माझ्या रक्ताची वेळ हा कुणाचा उपकार नाही. तात्यांवर अजून जळते. हे जळणं विझायची वाट बघत बसणार नाही. उद्या माझी पाळी बदलतील, दुसऱ्या गावाला धाडतील. धाडू देत. तिथंही पुरे चार तास घेईन. भांडून घेईन.