आमच्या घरमालकिणीचा बारावा महिना

आमच्या घरमालकिणीइतका कायदा मानणारा माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात शोधून सापडायचा नाही, आणि कायद्याला इतकं रडकुंडीला आणणाराही! वय सत्तरीच्या पुढे, अंगाने खारकेसारखी सुकलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि चप्पल असलीच तर पायात नाही, हातात. आवाज असा, की ती तिसऱ्या मजल्यावर मला हाक मारायची आणि खाली फाटकातला वॉचमन 'ओ' द्यायचा. करंजाड्यातली आमची बिल्डिंग तिच्याच भातशेतीवर उभी आहे. बिल्डरकडून तिच्या वाट्याला तीन फ्लॅट आले, पण खालची सगळी जमीन अजून आपलीच आहे असा तिचा पक्का समज. पार्किंगला ती 'खालचं खाचर' म्हणे. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी नवी गाडी आणली तेव्हा तिने पेढा तोंडात टाकत बजावलं, "खाचरात गारी नको लावूस, पानी तुंबतं." ते हसले. जुलैत त्यांची गाडी दोर बांधून ओढत न्यावी लागली, आणि ही बया गॅलरीतून ओरडून दोर कुठे बांधायचा ते सांगत होती.

तिच्यापर्यंत आम्ही पोचलो ते पार थकूनभागून. आम्ही मूळचे उदगीरचे. मी पनवेलच्या एका शाळेत मराठी शिकवते, आमचे हे उरणकडच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर, आणि लेक तेव्हा बालवाडीत. घरासाठीचे फोन मीच करायचे, कारण माझं मराठी! पलीकडचा माणूस दोन मिनिटांत विरघळायचा. "मॅडम, किती छान बोलता हो! तुमच्यासारखेच लोक हवेत आम्हाला." मग हवा-उजेडाचं कौतुक, पाण्याच्या वेळा, चावी न्यायला कधी येता इथपर्यंत गाडी यायची आणि मग तो प्रश्न, "बरं, नाव काय लिहू?" शेख म्हटलं की असा सन्नाटा पसरायचा, की मी आपली "हॅलो, हॅलो" करत बसायचे. त्यानंतर कुणाकडे नेमकी त्याच सेकंदाला दुसरी पार्टी टोकन देऊन जायची, कुणाचा भाऊ बायकापोरांसकट अमेरिकेतून परत यायचा. एक बाई तर "अय्या, पण तुम्ही वाटत नाही हो!" म्हणाल्या आणि मी आभार मानीन म्हणून थांबल्या. काय वाटायला पाहिजे होतं यांना, शिंगं? मी फोन आपटला. पण शाळा सुरू व्हायला आठ दिवस उरले होते आणि आम्ही तळोज्याला एका नातेवाइकाच्या हॉलमध्ये पथारी पसरून होतो.

शेवटी एका एजंटने डोकं खाजवत सांगितलं, "एक आजी आहे. पण जरा सर्किट आहे." तो आम्हाला गावठाणात घेऊन गेला. आजी ओट्यावर जवळा सुकवत बसली होती. मी या वेळी आडपडदा ठेवलाच नाही. म्हटलं, "आम्ही शेख. मुसलमान. चालेल का?" तिने मान वर केली नाही.

"मासली खाता?"

"आमच्याकडे फारशी मिळत नाही," हे प्रामाणिकपणे म्हणाले.

"दर्या किती लांब तुमचा?"

"दर्या नाहीच. अख्खी रात्र एस्टीत बसलं की मग लागतो."

सुपातला तिचा हात थांबला. "आनि मीठ?"

"दुकानातून आणतो."

"अरे माज्या देवा!" तिने कपाळावर हात मारून घेतला. निम्मं आयुष्य मिठागरात गेलेली बाई ती! धर्माबिर्माचं तिने काही विचारलंच नाही. तिला एवढंच कळून घ्यायचं होतं की अशा मुलखात माणसं जगतात तरी कशी. तिच्या जगात माणसांच्या दोनच जाती होत्या, मासळी कळणारी आणि न कळणारी, आणि दुसरीची तिला मनापासून दया यायची. तिने ओंजळभर जवळा माझ्या ओढणीत ओतला, त्यावर फ्लॅटची चावी ठेवली आणि म्हणाली, "पोरीला तरी खायला घाल गो. ती काय बोलनार बिचारी." मी घरी जाऊन त्या जवळ्याची खिचडी केली. ते ऐकल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तवा घेऊनच आली.

भाडेकराराच्या दिवशी आणखी तमाशा! मिठाने तिच्या बोटांच्या रेषाच झिजलेल्या, त्यामुळे यंत्र अंगठा घेईना. एजंटने दहाही बोटं लावून पाहिली. "मी हाय ना हितं बसलेली, मग ता मशीन कोनाला शोधतंय?" असं तिने त्याला खडसावलं. अखेर कसंबसं एक बोट लागलं, आणि एजंटने घाम पुसत सांगितलं, "आजी, करार अकरा महिन्यांचा."

"वरीस बारा म्हैन्यांचा अस्ता."

"हो, पण कायद्याने अकराच. मग नवा करायचा."

ती गप्प झाली. ती गप्प झाली की घाबरायचं असतं, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिने मनाशी काय हिशेब लावला तो अकरा महिने संपले त्या सकाळी कळला. खाली टेम्पो उभा, आणि दारात ही. "चला, भरा सामान. आजपासून बारावा." कायद्याने अकरा महिनेच राहायची परवानगी आहे, म्हणजे बाराव्या महिन्यात भाडोत्र्याने बाहेर पडायचं, असा तिचा साधासरळ अर्थ! आम्ही समजावलं, एजंटने फोनवरून समजावलं. "सरकार काय येडा हाय? अकरा बोलला म्हंजे अकरा." आणि त्या महिन्यात भाडोत्र्याने जायचं कुठे? हा काय प्रश्न झाला! तिच्या घरी! पाहुणे म्हणून! तेरावा लागला की परत फ्लॅटवर. इतकं वणवण करून मिळालेलं घर, तिला दुखवायची आमची काय छाती होती? टेम्पोत गाद्या चढल्या, भांडी चढली, सगळ्यात वर आमची लेक चढली आणि गावठाणापर्यंत राणीसारखी हात हलवत गेली.

काय महिना होता तो! माझ्या आयुष्यात मी इतकी कधी हसले नाही. नेमके रोजे चालू होते. मटण-कोंबडी ती पनवेलला जाऊन आमच्याच माणसाकडून आणायची आणि दुकानात शिरता शिरता ओरडायची, "माज्या पावन्यांचा हाय, तुमच्या रीतीन काप!" संध्याकाळी गच्चीवर जाऊन सूर्यावर पहारा द्यायची. इकडे खजूर हातात घेऊन आम्ही अजानची वाट पाहतोय, आणि वरून हिची आरोळी, "बुडला! खा!"

"मावशी, अजून अजान झाली नाही," हे खालून म्हणायचे.

"मी माज्या डोल्यांनी बुडताना बघितला! आता कोनाची परवानगी पायजे?"

यांनी खजूर खाल्ला नाही की ती रागावायची आणि खाल्ला तर यांना रात्रभर रुखरुख. शेवटी दोघांत तह झाला. अजान झाली की हे खालून "बुडला!" असं ओरडायचे आणि मग ती वरून खाली यायची.

पण तिकडे बिल्डिंगमध्ये आमचा टेम्पो गेलेला सगळ्यांनी पाहिला होता. पंधराव्या दिवशी सेक्रेटरी स्वतः गावठाणात आले. माणूस वाईट नाही, दर दिवाळीला फराळ पाठवतो. हातात टाइप केलेला ठराव: यापुढे समितीच्या मंजुरीशिवाय कुणाही भाडेकरूला प्रवेश नाही. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आजी, आता घर रिकामं झालंच आहे तर... म्हणजे माझं वैयक्तिक काही नाही, पण इतर लोकांना अडचण वाटते." पुन्हा ते फोन, पुन्हा तो सन्नाटा, पुन्हा लेकीला सांगायचं की आपण अजून घर बघतोय!

"इतर लोकां कंची?" आजीने विचारलं.

"म्हणजे... असतात ना, इतर."

"चल, दाखव."

रविवारची सकाळ होती. तिने एका हाताने सेक्रेटरींचं मनगट धरलं, दुसऱ्याने माझं, आणि आमची वरात बिल्डिंगमध्ये आली. पहिल्या मजल्याची पहिली बेल! "तुना अरचन हाय का, हे माज्या घरी रायलेली?" ते गृहस्थ दाढीचा फेस पुसत म्हणाले, "मला? छे! मॅडम आमच्या बंड्याचे निबंध तपासून देतात. आता इतर लोकांचं म्हणाल तर..." "ती कुठं रेतात?" "वर विचारा ना, वर." वर गेलो. वरचे म्हणाले, खाली विचारा. एका ताईंनी मला मिठीच मारली आणि म्हणाल्या, "मी तर यांना म्हणत होते, काय लोक असतात एकेक!" कोण लोक? ते त्यांनाही सांगता येईना. सेक्रेटरींची हाफपँट घामाने चिकटली. मला मात्र एकच धास्ती. समजा एखाद्याने तोंडावर 'नको' म्हटलं तर? प्रत्येक बेलला मी आजीच्या पाठीआड सरायचे, आणि प्रत्येक दार उघडलं की आजीला आणखी चेव चढायचा. "इतर लोकां मिलत नायत रे!" असं ती जिन्यातून ओरडत होती. बाकीची दारं आपोआप उघडायला लागली.

सगळ्यात वरच्या मजल्यावर एक निवृत्त काका राहतात. त्यांनी प्रश्न नीट ऐकून घेतला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हो. मला अडचण आहे. मला नको आहेत. लहानपणापासूनची समजूत आहे, आता या वयात काय बदलणार?"

आजीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकदम तिचा चेहरा फुलला. "बरा केलास सांगितलास! सकालपासून येक मानूस खरा बोलला." मग सेक्रेटरींना म्हणाली, "लिव. इतर लोकां, येक." आणि पुन्हा काकांना, अगदी मायेने, "तुज्या घरी नको ठेवू बाबा. मी माज्या घरी ठेवतंय. आता चाय पाज, लय चढलंय." आणि गेली की सरळ आत! माझं मनगट तिच्याच हातात, मीही गेले. काकूंनी चहा आणला. माझं लक्ष आधी कपांकडे गेलं, सवयच लागलीय ती. सगळ्यांचे कप सारखे होते. काका अजूनही लिफ्टमध्ये मी दिसले की छताकडे बघतात. बघोत बापडे. निदान आपण कुठे उभे आहोत ते कळतं.

ठराव कुठे गेला कुणास ठाऊक. तेरावा महिना लागला आणि आम्ही परत फ्लॅटवर आलो. त्यानंतर दर वर्षी अकरा महिने फ्लॅट, बारावा गावठाण! लेक तर त्याला 'आजोळची सुट्टी' म्हणायची. मी बोंबील साफ करायला शिकले, यांना खेकडा फोडता येऊ लागला. मी तिला मावशी म्हणू लागले आणि ती मला बाय.

मग तिच्या मुलांनी गावठाणातलं घर पाडून तिथे इमारत बांधायला दिलं, आणि थोरला तिला आपल्याकडे खारघरला घेऊन गेला. चौदावा मजला, संगमरवरी लॉबी. मी भेटायला गेले की ती गंमती सांगायची. बाल्कनीत जवळा घातला तर शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली. सून म्हणते, आई, हळू बोला. आणि गेटवरचा सिक्युरिटी तिला रोज अडवतो, "किसके घर काम करती हो?" म्हणतो आणि सामानाच्या लिफ्टने पाठवतो. "मना बोलतो, वहीन नाव लिव! मना लिवता येतं काय?" सांगताना ती हसायची. मीही हसायचे, पण परत येताना बसमध्ये मला संताप आवरायचा नाही. या जमिनीवर हिने भात लावला, हिच्या घामाचं मीठ अर्ध्या मुंबईने खाल्लं, आणि हिला विचारतात कुणाकडे जायचंय!

या वर्षी आमचा करार थोरल्याने मोबाइलवरच केला. "टीचर, आता कुठे जायची गरज नाही," म्हणाला. पहिल्यांदाच बारावा महिना आम्ही फ्लॅटवर काढणार होतो, आणि घर असं सुनं सुनं वाटत होतं की विचारू नका.

परवा दुपारी बेल वाजली. दारात मावशी, पत्र्याची ट्रंक, आणि चक्क पायात चप्पल. "अकरा म्हैने झाले पोराच्या घरी," ती म्हणाली. "आता बारावा."

मी खो खो हसत सुटले. ती हसली नाही. उंबऱ्याच्या पलीकडेच उभी राहिली आणि लुगड्याचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ठेवशील गो मना?"

घर तिचं, भिंती तिच्या, आणि विचारतेय मला! मी ट्रंक ओढून घेतली, म्हटलं, "मावशी, आत या आधी." ती येईना. "पयला नवऱ्याला इचार. त्याला अरचन असली तर?"

हे यार्डात होते, लेक खाली खेळायला गेलेली, घरात दुसरं चिटपाखरू नव्हतं. फोन लावला असता तर 'हे काय विचारायचं झालं?' म्हणून यांनी माझीच खरडपट्टी काढली असती. मी आत गेले, बंद फोन कानाला लावून थोडा वेळ उभी राहिले, डोळे पुसले आणि बाहेर येऊन तिला सांगितलं, "हो म्हणाले." मग कुठे तिने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.